टिकला म्हणून श्रेष्ठ? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

एक मजकूर गेली काही वर्षं वेगवेगळ्या वेशांत फिरतो आहे. कधी सिंहाच्या चित्राखाली, कधी एखाद्या व्यवस्थापनगुरूच्या व्हिडिओत, तर कधी आजारी माणसाच्या नातेवाइकांना धीर म्हणून पाठवलेला. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा:

‘जगात बलवान तोच टिकतो, हे डार्विननं सिद्ध केलं आहे. डायनासोर बदलले नाहीत म्हणून संपले. झुरळ मात्र अणुबॉम्बमधूनही वाचतं. माणूस हवेशिवाय ३ मिनिटं, पाण्याशिवाय ३ दिवस आणि अन्नाशिवाय ३ आठवडे जगतो. त्यापुढे जगवते ती फक्त इच्छाशक्ती. कॅन्सरला हरवणारे मनानं खंबीर असतात. कोडॅक बदलली नाही म्हणून मेली. जे श्रेष्ठ असतं तेच काळाच्या कसोटीला उतरतं. टिकतो तोच जिंकतो.’

जीवशास्त्र, वैद्यक, व्यापार, इतिहास या सगळ्यांना एकाच दोरीत ओवलेलं आहे. प्रत्येक क्षेत्रात टिकणं मोजायची पट्टी वेगळी असते. कोण टिकलं, कशापुढे टिकलं आणि कधीपर्यंत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ‘टिकला’ या शब्दाला काही अर्थच येत नाही. मजकूर यातला एकही विचारत नाही, थेट बक्षीस वाटतो. बक्षीस वाटलं की उरलेल्यांवर आपोआप ठपका येतो: जो गेला तो कमजोर होता, बदलला नाही, मनानं खचला. हा ठपका मला खटकतो, म्हणून हा खटाटोप.

‘डार्विननं सिद्ध केलं आहे’

‘बलवान तोच टिकतो’ हे ज्यावरून आलं, ते ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वचिंतकाचे, १८६४ सालचे. डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ मध्ये आला आणि त्यात हे शब्द नव्हते. १८६६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकानं डार्विनला पत्र लिहून गळ घातली की ‘नैसर्गिक निवड’ हा डार्विनचा शब्द वापरला की वर बसून निवडणारं कुणीतरी आहे असं लोकांना वाटतं, तेव्हा स्पेन्सरचे शब्द बरे. डार्विननं ते मानलं आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते शब्द घातले. एक गैरसमज टाळायला गेले आणि त्याहून चिवट असा दुसरा पाठीमागे लागला.

‘फिटेस्ट’ म्हणजे त्या जागी, त्या काळी, त्या परिस्थितीत जुळलेला. दंडाच्या बेडकुळ्यांशी त्याचा संबंध नाही. जगण्याचा झगडा हे शब्द आपण व्यापक आणि अलंकारिक अर्थानं वापरतो आहोत, असं डार्विननं स्वतःच स्पष्ट केलं होतं. त्या झगड्यात एका जीवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही येतं, वाळवंटाच्या कडेला दुष्काळाशी झुंजणारं झाडही येतं आणि, त्याच्या लेखी अधिक महत्त्वाचं म्हणजे, संतती मागे ठेवणंही येतं.

काही प्रतींमध्ये याच्या जोडीला आणखी एक वाक्य असतं: ‘सर्वात बलवान टिकत नाही, सर्वात हुशारही नाही, बदलाला सामोरा जाणारा टिकतो – डार्विन.’ तेही डार्विनचं नाही. अमेरिकेतल्या लुईझियाना स्टेट विद्यापीठात व्यवस्थापन शिकवणाऱ्या लिऑन मेगिन्सन यांनी १९६३ मध्ये डार्विनचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं. पुढे ते घासत-पुसत थेट डार्विनच्या तोंडी गेलं. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेससारख्या विज्ञानसंस्थेच्या फरशीवरही ते डार्विनच्या नावानं कोरलं गेलं होतं; नंतर नाव काढावं लागलं. गंमत अशी, की एकाच मजकुरात डार्विन ‘बलवान टिकतो’ असंही म्हणतो आणि ‘बलवान टिकत नाही’ असंही, आणि पुढे पाठवणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

‘बलवान तोच टिकतो’

आधी ‘कोण’ हे ठरवू. जीवशास्त्रात एकट्या प्राण्याचं दीर्घायुष्य हा मुख्य हिशोब नसतोच. पॅसिफिक महासागरातले बहुतेक सामन मासे नदी चढून येतात, अंडी घालतात आणि मरतात. पुढच्या पिढीच्या हिशोबात ते यशस्वी आहेत. मोराचा पिसारा त्याला शिकाऱ्यापासून पळताना अडचणीचाच. मोराचं पीस दिसलं की आपल्याला कसंतरी होतं, असं डार्विननं १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं, कारण निव्वळ तग धरण्याच्या हिशोबात ते बसत नव्हतं. लांडोर पिसारा बघून जोडीदार निवडते, हे उत्तर त्यानं नंतर सविस्तर मांडलं.

मग ‘कशापुढे’. सिकल सेलचं जनुक घ्या. आई आणि वडील दोघांकडून आलं तर गंभीर आजार होतो. एकाकडूनच आलं तर मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरंच संरक्षण मिळतं; १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी हा संबंध दाखवून दिला. मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिलं. डास नसलेल्या ठिकाणी त्याच जनुकाचा उपयोग शून्य आणि ओझं तेवढं उरतं. मग हे जनुक बलवान म्हणायचं की दुबळं? प्रश्नच चुकीचा आहे.

आणि दुबळे टिकतातच. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ मध्ये राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात एका निअँडरथल, म्हणजे माणसाच्या लुप्त झालेल्या जवळच्या भाऊबंदांपैकी एका, पुरुषाचा सांगाडा मिळाला. डोळ्याजवळ जबर मार बसून एका बाजूची दृष्टी बहुधा गेलेली, उजवा हात सुकलेला आणि कोपराजवळ तुटलेला, पाय लंगडा. जखमा भरून आलेल्या होत्या, म्हणजे त्यांच्यासह तो बरीच वर्षं जगला. मेला तेव्हा चाळिशीच्या आसपास होता, निअँडरथलांच्या मानानं म्हाताराच. असा माणूस एकट्यानं शिकार करून चाळिशी गाठत नाही. कुणीतरी त्याला खाऊ घालत होतं, कळपाबरोबर नेत होतं. टिकण्याची ही रीत त्या सिंहाच्या चित्रात बसत नाही, पण माणसाच्या वंशाची ओळख हीच आहे.

‘डायनासोर बदलले नाहीत म्हणून संपले’

डायनासोर १६ कोटींहून अधिक वर्षं होते. आपण, म्हणजे होमो सेपियन्स, सुमारे ३ लाख वर्षांचे. त्यांना ‘बदलता आलं नाही’ म्हणून नावं ठेवणं हे आपल्या तोंडी जरा लहान तोंडी मोठा घास झालं. त्या कोट्यवधी वर्षांत त्यांच्या असंख्य जाती आल्या, बदलल्या, गेल्या.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात साधारण १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. धूळ आणि काजळीनं सूर्यप्रकाश अडला, वनस्पती मेल्या, अन्नसाखळी मुळापासून तुटली. वाचले ते बहुतांशी लहान अंगाचे, थोडक्यात भागवणारे, बिळात किंवा गोड्या पाण्यात राहणारे, बिया किंवा कुजकं-मुजकं खाऊ शकणारे. यातला एकही गुण त्यांनी अशनीसाठी कमावलेला नव्हता. दुसऱ्याच कारणांसाठी तो अंगी होता, त्या दिवशी कामी आला. कोट्यवधी वर्षं फायद्याचं ठरलेलं मोठं शरीर त्याच दिवशी घातक ठरलं. याला दोष किंवा गुण म्हणण्यात काय हशील?

शिवाय पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, नव्हे, वर्गीकरणाच्या हिशोबात डायनासोरच. म्हणजे ते पूर्ण संपलेही नाहीत.

‘झुरळ अणुबॉम्बमधूनही वाचतं’

स्फोटाच्या जागी झुरळही जळतं. प्रश्न फक्त किरणोत्साराचा उरतो, आणि त्यात झुरळ माणसापेक्षा साधारण दहापट सहन करतं, एवढं खरं. पण कीटकांमध्येही ते पहिलं नाही. काही परजीवी गांधीलमाश्या त्याच्या कितीतरी पुढे आहेत. आणि ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ नावाचा जिवाणू माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट मात्रा पचवतो. तो सापडला १९५६ मध्ये, किरणोत्सारानं निर्जंतुक केल्याचं समजल्या गेलेल्या डबाबंद मांसात.

चिवटपणा म्हणजे सगळीकडे चालणारं नाणं, ही समजूत मोडायला टार्डिग्रेड हा सूक्ष्म प्राणी पुरेसा आहे. २००७ मध्ये त्यांना उपग्रहातून अवकाशात नेऊन निर्वात पोकळीत उघडं ठेवलं, आणि त्यातले कित्येक जिवंत परतले. हाच प्राणी सक्रिय अवस्थेत असताना ३७ अंशांच्या पाण्यात एक दिवस ठेवला, तर सुमारे निम्मे मरतात, हे २०२० च्या एका प्रयोगात दिसलं. अवकाश चालतं, कोमट पाणी चालत नाही.

‘३ मिनिटं, ३ दिवस, ३ आठवडे, आणि पुढे इच्छाशक्ती’

तीनचा हा नियम जंगल-डोंगरात जाणाऱ्यांना प्राधान्य लक्षात राहावं म्हणून केलेला आहे: आधी श्वास, मग निवारा, मग पाणी, मग अन्न. त्या कामापुरता तो उत्तम. (फिरत्या मजकुरातून निवाऱ्याचा भाग नेमका गळलेला असतो. कडाक्याच्या थंडीत किंवा रणरणत्या उन्हात आसरा नसेल तर काही तासच मिळतात.) शरीराची मर्यादा म्हणून मात्र तो तोकडा पडतो. जतींद्रनाथ दास यांनी लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण केलं आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडला. आयर्लंडमधल्या कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० मध्ये लंडनच्या तुरुंगात उपोषणाच्या ७४ व्या दिवशी गेले. तीन आठवड्यांचा आकडा दोघांनीही कितीतरी मागे टाकला. आणि निर्धाराचं म्हणाल, तर या दोघांहून जास्त निर्धार कुणाचा दाखवणार? शरीरानं आपला हिशोब तरीही चुकता केला.

आता समुद्र घेऊ, कारण ‘हातपाय मारत राहा’ ही शिकवण तिथूनच येते. बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिला शत्रू बुडणं हा नसतोच, पहिल्या मिनिटातली धाप असते. तिच्यातून सावरलं की हातापायांत कामाची ताकद साधारण दहा मिनिटं राहते. जीवरक्षक जाकीट अंगात असेल आणि किनारा जवळ नसेल, तर पोहत राहणारा लवकर गार पडतो. गुडघे छातीशी घेऊन स्थिर राहणारा जास्त वेळ तग धरतो. तिथे इच्छाशक्तीचं रूप म्हणजे गप्प राहणं, आणि ते शिकवावं लागतं, आतून उसळून येत नाही.

टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाली. पहिल्या वर्गातले साधारण ६० टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले साधारण २५ टक्के. तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांची जगण्याची इच्छा कमी होती, असं म्हणायची कुणाची तयारी आहे का? त्यांच्या खोल्या खाली होत्या, होड्या वर होत्या, वाट वळणावळणाची होती आणि होड्या मुळातच अपुऱ्या होत्या. स्वीडनमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन शतकांतल्या १८ जहाज दुर्घटना तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला, तो आणखी बोलका आहे. ‘आधी बायका-मुलं’ हा नियम टायटॅनिकवर पाळला गेला, पण तो अपवाद होता. एरवी वाचण्याचं प्रमाण खलाशी आणि कप्तान यांच्यात प्रवाशांपेक्षा जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कमी. जहाजाचे कोपरे ज्यांना माहीत, ते वाचतात.

इच्छाशक्तीचे पुरस्कर्ते दोन दाखले नेहमी देतात. एक अँडीजचा. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या रग्बी संघाला नेणारं विमान पर्वतात कोसळलं. आत ४५ जण होते, ७२ दिवसांनी १६ परतले. नँदो पारादो आणि रोबेर्तो कानेसा कोणत्याही गिर्यारोहण साहित्याशिवाय दहा दिवस चालले आणि मदत घेऊन आले. ही जिद्द अफाटच. तिच्यापुढे हात जोडावेत. पण २९ ऑक्टोबरच्या रात्री विमानाच्या सांगाड्यात झोपलेल्यांवर हिमकडा कोसळला आणि आठ जण गेले. त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं, यावर कोण उरेल हे ठरलं. आणि जे उरले, ते मेलेल्या सोबत्यांच्या देहांवर जगले. मेलेल्यांना हरलेले म्हणणारा मजकूर या माणसांसमोर वाचून दाखवायची माझी तरी हिंमत होणार नाही.

दुसरा दाखला नाझी छळछावण्यांचा, म्हणजे तिथून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचा. जगण्याला अर्थ असलेला माणूस तग धरतो, एवढंच त्यांच्या नावावर फिरतं. स्वतः फ्रँकल यांनी मात्र लिहून ठेवलं आहे की परत आलेले आम्ही अनेक योगायोगांमुळे आलो, आणि आमच्यातले जे सर्वोत्तम होते ते परतले नाहीत. ही ओळ कुणी पुढे पाठवत नाही. प्रिमो लेव्ही या इटालियन रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट तर इच्छाशक्तीच्या सिद्धांताला उलटी टांगते. तो आउशविट्झमध्ये १९४४ मध्ये पोचला, तेव्हा जर्मनांना मजुरांची टंचाई होती. रसायनशास्त्र येत असल्यानं पुढे त्याला प्रयोगशाळेत, म्हणजे छपराखाली, काम मिळालं. आणि जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ आल्यावर कैद्यांना बर्फातून हाकत नेलं गेलं, तेव्हा लेव्हीला स्कार्लेट फीव्हर झाला होता, म्हणून त्याला दवाखान्यात मागे टाकलं. चालू शकणारे चालले आणि त्यातले हजारो वाटेत मेले. आजारी माणूस वाचला.

आणि ‘कधीपर्यंत’ हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त टोचतो. बर्गन-बेल्सन छावणी १५ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाली. त्यानंतरही तिथल्या १३ हजारांहून अधिक लोकांचा जीव गेला, टायफस या तापानं, उपासमारीनं शरीर पोखरल्यानं, काहींचा तर पोटात अचानक पडलेल्या जड अन्नानं. ते टिकले की नाही? मुक्तीच्या दिवशी मोजलं तर टिकले.

‘कॅन्सरला हरवणारे मनानं खंबीर असतात’

या वाक्याचा हेतू चांगला असेलही, परिणाम वाईट होतो. रुग्ण आधीच घाबरलेला असतो. त्याला आता घाबरायचीही भीती वाटू लागते. मनाची उभारी, सोबत, हसणं-बोलणं हे आजारातले दिवस सुसह्य करतं, यात वादच नाही. त्यानं आयुष्य वाढतं का, हा वेगळा प्रश्न. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनःस्थिती बरी असणं आणि जास्त जगणं यांच्यात त्यात संबंध आढळला नाही. गाठीचा प्रकार, टप्पा, उपचार वेळेवर मिळणं, ही यादी कंटाळवाणी आहे, पण वजन तिचंच आहे.

याच मजकुराची एक चढी आवृत्ती आहे: ‘अमुक देशात ९० टक्के रुग्ण पाच वर्षं जगतात, आपल्याकडे का नाही?’ पाच वर्षांचा हा दर डॉक्टरही वापरतात, पण तो म्हणजे बरं होण्याचं प्रमाण नव्हे. समजा दोन माणसांना अगदी सारखी गाठ आहे आणि दोघंही वयाच्या सत्तराव्या वर्षी तिच्यामुळे जाणार आहेत. एकाला ६७ व्या वर्षी त्रास सुरू झाला, तेव्हा निदान झालं. तो निदानानंतर तीन वर्षं जगला. दुसऱ्यानं साठीत चाचणी केली, तेव्हाच गाठ कळली. तो दहा वर्षं जगला. पहिला ‘पाच वर्षं न टिकलेला’, दुसरा ‘टिकलेला’. मृत्यू एकाच वयात. वाढलं ते आयुष्य नव्हे, आजार माहीत असण्याचा काळ. लवकर निदानानं खरोखर जीव वाचतात, असे कॅन्सर आहेतच. पण ते ठरवायला मृत्युदर खाली आला का हे बघावं लागतं.

२००७ मध्ये अमेरिकेतले नेते रुडी जुलियानी यांनी नेमकी हीच गफलत जाहीरपणे केली. स्वतः प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून गेलेले असल्यानं त्यांचं बोलणं लोकांना पटलंही. आपल्या देशात वाचण्याची शक्यता ८२ टक्के आणि इंग्लंडमध्ये फक्त ४४, असं ते म्हणाले. अमेरिकेत रक्तचाचणीनं हा कॅन्सर फार लवकर आणि फार जास्त पकडला जात होता. लोकसंख्येच्या प्रमाणात त्यानं मरणाऱ्यांचा आकडा दोन्ही देशांत जवळपास सारखाच होता.

दक्षिण कोरियात याहून मोठा प्रकार घडला. कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबरच थोडा जादा खर्च करून थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पसरली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरची नोंद सुमारे १५ पट झाली. त्यानं मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ हललीच नाही. ज्या बारीक गाठींनी कधी त्रास दिला नसता, त्याही मोजल्या गेल्या आणि त्यांचे ‘रुग्ण’ अर्थातच टिकले. टिकण्याचा दर झकास दिसला. हजारो लोकांच्या ग्रंथी मात्र निघाल्या आणि आयुष्यभराच्या गोळ्या मागे लागल्या.

याच्या उलट बाजूचं उदाहरण स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाचं. १९८२ मध्ये त्यांना मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाल्याचं कळलं. निदानानंतरचं मध्यक आयुष्य, पुस्तकांप्रमाणे, आठ महिने. आकडेवारी जाणणाऱ्या गूल्ड यांनी लगेच विचारलं की हे मध्यक आहे, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जातात. पुढची शेपटी किती लांब आहे? ते वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कॅन्सरनं गेले. फिरत्या मजकुराला ही गोष्ट जिद्दीची वाटेल. गूल्ड स्वभावाचं मोल नाकारत नव्हते, पण आपल्या बाजूला काय आहे हे त्यांनी मोजून मांडलं होतं: तरुण वय, लवकर निदान, उत्तम उपचार.

थोडं आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं. रुग्णालयांत जे जगण्याचे आलेख काढले जातात, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे, ती पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांची, १९५८ सालची. मायर कॅन्सरच्या रुग्णांचा विचार करत होते. कॅप्लन मात्र टेलिफोनच्या प्रयोगशाळेत, समुद्रतळाच्या तारांमध्ये बसवलेल्या निर्वात नळ्या किती वर्षं चालतील या चिंतेत होते. दोघांची अडचण एकच: अभ्यास संपला तेव्हा काही नळ्या अजून चालूच होत्या आणि काही रुग्ण जिवंतच होते, त्यांना कसं मोजायचं? माणूस आणि नळी, दोघांसाठी एकच सूत्र निघालं. त्या सूत्रात खंबीर मनासाठी रकाना नाही, आणि नळीला मनच नसल्यानं कुणाची तक्रारही नाही.

‘कोडॅक बदलली नाही म्हणून मेली’

तीन चुका, एका वाक्यात. कोडॅक ही फोटोफिल्म बनवणारी कंपनी मेलेली नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिनं दिवाळखोरीचं संरक्षण घेतलं, २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर आली, आणि आजही फिल्म बनवते. ती बदलली नाही हेही खरं नाही. पहिला डिजिटल कॅमेरा तिच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं १९७५ मध्ये बनवला. आणि सुरुवातीच्या टाळाटाळीनंतर ती डिजिटलमध्ये इतकी शिरली की २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिली होती. पण एका फिल्मच्या रोलवर जेवढा नफा सुटे, तेवढा कॅमेऱ्यावर सुटत नव्हता. नंतर मोबाइलनं कॅमेराच गिळला. बदलली आणि तरी कोसळली.

तिसरी चूक नियमाची. न बदलताही टिकता येतं. जपानमधली कोंगो गुमी ही मंदिरं बांधणारी कंपनी सन ५७८ मध्ये सुरू झाली आणि चौदा शतकांहून अधिक काळ मंदिरंच बांधत राहिली. ती अडचणीत आली ते १९८० च्या दशकातल्या जमिनींच्या तेजीत हात घातल्यानं; कर्ज डोक्यावर बसलं आणि २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीनं तिला पोटात घेतलं. त्या नावाखाली मंदिरांचं काम अजून चालतं, घराण्याच्या मालकीखाली नाही. टिकली की बुडाली, हे तुम्ही नाव मोजता, मालकी की कौशल्य, यावर आहे.

कोडॅकची प्रतिस्पर्धी फुजीफिल्म बदलून टिकली; हे उदाहरण बदलाच्या बाजूचं, आणि ते खरं आहे. अडचण उदाहरणात नाहीच, निवडीत आहे. बदलून बुडालेल्या कंपन्यांवर व्हिडिओ कुणी करत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात अब्राहम वॉल्ड यांनी हीच गोष्ट लढाऊ विमानांबाबत गणितात मांडली. परत आलेल्या विमानांवर जिथे भोकं दिसतात तिथे मार सोसतो. जिथे भोकं दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं परतलीच नाहीत. लाल ठिपक्यांचं विमानाचं जे चित्र या गोष्टीबरोबर फिरतं, ते वॉल्ड यांचं नाही, कितीतरी नंतरचं आहे. त्यांनी मागे ठेवली ती सूत्रांनी भरलेली टिपणं. भारतात व्याख्यानांसाठी आलेले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांची पत्नी गेले.

‘जे श्रेष्ठ तेच काळाच्या कसोटीला उतरतं’

काळ परीक्षक असेल तर पेपर न वाचता मार्क देणारा आहे. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसनं १२० च्या आसपास नाटकं लिहिली, पूर्ण अशी सात उरली. प्राचीन असीरियाच्या निनेव्हे शहरातलं राजा अशुरबानिपालचं ग्रंथालय इसवी सनपूर्व ६१२ मध्ये शत्रूनं जाळलं; मातीच्या पाट्या आगीत भाजून पक्क्या झाल्या आणि अडीच हजार वर्षांनी आपल्या हाती लागल्या. लेखन कागदासारख्या कशावर असतं, तर त्याच आगीत गेलं असतं. आर्किमिडीजचे काही लेख आज आहेत, कारण तेराव्या शतकात कुणीतरी चामड्यावरची त्यांची अक्षरं खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या. प्रार्थनापुस्तक म्हणून ते चामडं जपलं गेलं, आणि १९०६ मध्ये हायबेर्ग या अभ्यासकाला प्रार्थनांखाली गणित दिसलं.

आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण चार्वाकांचं. त्यांचे, म्हणजे लोकायतांचे, मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत आले नाहीत. त्यांचं म्हणणं कळतं ते प्रामुख्यानं विरोधकांनी खंडन करण्याआधी मांडलेल्या पूर्वपक्षातून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात पहिलंच प्रकरण त्यांच्यावर आहे. ग्रंथ टिकायला नकला लागतात, नकला करायला मठ, दरबार, शिष्य लागतात. ज्यांना मठ नव्हते त्यांचे विचार कमअस्सल होते, असं म्हणता येत नाही. ते कसे होते, हे नीट तपासायला पुरावाच पुरेसा उरलेला नाही.

‘टिकतो तोच जिंकतो’

बँकेत जोड खातं उघडताना ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे उरेल तो) या चौकोनात खूण करणारा कुणी जिंकायच्या तयारीनं गेलेला नसतो. कायद्याच्या लेखी मागे उरणं ही साधी नोंद आहे, वारसा कुणाकडे जाईल हे ठरवण्यापुरती. आणि ही नोंद कधी कधी निव्वळ गृहीत धरावी लागते. पती-पत्नी किंवा बाप-लेक एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २१ सांगतं की, उलट पुरावा येईपर्यंत, वयानं लहान असलेला मोठ्याच्या मागे जिवंत राहिला असं मानावं. इंग्लंडचा १९२५ चा कायदाही हेच गृहीत धरतो. मालमत्ता आधी मोठ्याकडून लहानाकडे येते आणि मग लहानाच्या वारसांकडे जाते. ज्याला कायद्यानं मागे उरलेला ठरवलं, तोही त्याच अपघातात गेलेला असतो.